पानातलं मीठ

आमच्या बसवनगुडीच्या घरात मीठ कुठून तरी येत होतं, आणि संशय बाबांवर होता.

बाबांच्या हृदयाचा स्नायू थकलाय. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, दम लागतो. "उप्पु बेडा अंकल, स्वल्पनू बेडा," डॉक्टरांनी कानडीत बजावलं होतं. मीठ नको, थोडंसुद्धा नको. मागच्या खेपेला त्यांना दवाखान्यातून जेमतेम घरी आणलं होतं, त्यामुळे आई सगळं अळणी रांधायची. तरी वजनकाटा वर आणि पाय सुजलेलेच.

"फिरायच्या नावाखाली हॉटेलात जात असणार," आई म्हणाली. "जा, बघून ये."

सकाळी मी झाडांआडून त्यांच्या मागे गेले. हॉटेलासमोर ते थांबले, डोळे मिटून सांबाराचा वास घेतला आणि पुढे निघाले. मागे न बघताच म्हणाले, "तुझ्या चपला वाजतात."

दुपारी आईनं पानं वाढली. आधी डावीकडे चिमूटभर मीठ, मग लिंबू, मग अळणी भाजी, अळणी आमटी. बाबांनी एकेक घास मिठाला लावला आणि शेवटी पान बोटानं पुसून स्वच्छ केलं. हे मी रोज बघत होते. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

"आई, त्यांच्या पानात मीठ कुणी वाढलं?"

"मी. मिठावाचून का पान वाढतात? स्वयंपाकात कणभर घातलेलं नाही हो."

"आणि बाबा, तुम्ही?"

"पानात टाकायचं नसतं," बाबा म्हणाले. चेहरा इतका गरीब की मला चीडच आली.

"नैवेद्याच्या पानात कुठे वाढतेस मीठ?" मी आईला म्हटलं. "तसंच यांना वाढ. देव समज."

आईचा चेहरा उतरला. "इतक्यात देव नको करूस त्यांना," ती म्हणाली. मग हळूच, "म्हणजे मीच घालत होते की गं." मला तिची फार दया आली.

रात्री तिन्ही पानांत डावी बाजू मोकळी होती. मी आईकडे बघितलं.

"त्यांचं एकट्याचं पान वेगळं दिसलेलं मला बघवणार नाही," ती म्हणाली आणि अळणी आमटी कालवायला लागली.

बाबा बराच वेळ तिच्या पानाकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "लोणचं तरी?"

"बेडा," आई म्हणाली.