पालथ्या बशीचा चहा

आरतीला बघायला कोपरगावची मंडळी आली त्या दिवशी चहाचा ट्रे माझ्या हातात द्यायलाच नको होता. पण तिच्या आईचा, गोजराकाकूंचा, माझ्यावर भरवसा. शेजारचा पोरगा, त्यात तालुक्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. म्हणजे शहाणा असणारच!

आरतीचे वडील आसारामतात्या. त्यांच्या घरची एक रीत आहे. बिनसाखरेच्या कपावर बशी पालथी घालायची, म्हणजे घोटाळा होत नाही. मुलाचे वडील भिमाजीराव सहज म्हणाले, "ह्या कपांवर झाकणं कशाला?"

मी गप्प बसावं की नाही? म्हणालो, "ते घरच्यांचे. तात्या, त्यांचे थोरले भाऊ आण्णा, आरतीची आत्या. ह्या घरात जमीन दीड एकर, पण शुगर वडिलोपार्जित. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं!"

कुणी हसलं नाही. भिमाजीराव पालथ्या बश्यांकडं बघत राहिले. मग तात्यांना हळूच विचारलं, "अन् तुमच्या वडलांना?"

"पाय काढला हुता त्यांचा," तात्या म्हणाले. खोटं बोलायचा सराव नसला की माणूस असा ऐन वेळेला उघडा पडतो.

पाहुणे गेले. गडबडीत मला चहा मिळालाच नव्हता. तात्या म्हणाले, "कल्याण, तुझा चहा ऱ्हायला. आरतीचं जमलं की देतो. आज तुला विष द्यावंसं वाटतंय."

तात्या गुळव्या. मिसरूड फुटल्यापासून पुणतांब्याच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर त्यांची हयात गेली. काहिलीतला उकळता पाक चिमूटभर गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची आणि "उतरवा रे" म्हणायचं. तात्या बोलले नाहीत तोवर काहिलीला हात लागत नसे. त्यामुळं गावाचं निदान पक्कं: गूळ चाटून चाटून शुगर झाली! आता आण्णा एसटीत कंडक्टर होते आणि आत्या जन्मभर कांदे खुरपत आली, त्यांनी कुठला गूळ चाटला, हे गावाला कुणी विचारत नाही. तात्या तर अंगानं उसाचं चिपाड. हा आजार बसून खाणाऱ्या जाड माणसांचा, ह्यांच्याकडं पत्ता चुकून आला असणार, असं मलाही वाटायचं.

आठवड्यानं भिमाजीरावांचा निरोप आला, मुलीची शुगर तपासून पाठवा. रक्त मीच काढलं.

"सुई तरी जपून चालव, दादा," आरती म्हणाली. "जिभेसारखी नको."

रिपोर्ट स्वच्छ आला. तात्यांनी देवापुढं नारळ फोडला. संध्याकाळी भिमाजीरावांचा फोन. "आजचं कळलं, पाव्हणं. पर म्होरं काय? बापाचं तिच्यात उतरलंय का न्हाई, तेवढं लिहून द्या."

तात्या दुसऱ्या दिवशी टोपी घालून लॅबमध्ये हजर. आमच्या डॉक्टरांनी समजावलं. आईबापाकडून जी जनुकं येतात, त्यांत माणसागणिक बारीक बारीक फरक असतात. एकेका फरकाचा जोर किरकोळ. पण बरेच एका जागी जमले की धोका वाढतो. काही घराण्यांत ते जास्त जमतात, मग माणूस वाळकाही असला तरी सुटत नाही. "मोठ्या शहरांत त्याचीही तपासणी होते, पण ती धोका कमी का जास्त एवढंच सांगेल. होणार की नाही, ते कुणी लिहून देणार नाही. चालणं-फिरणं ठेवलं, तर टळतंही."

"मी बसलो कवा, डॉक्टर?" तात्या म्हणाले.

मी मधे तोंड घातलं. "तात्या, एकाच फडातला ऊस, पण एक काहील पिवळीधमक उतरते आन् एक काळी. तसंच हाय हे."

"काळा गूळ गुरांफुडं टाकता येतो, कल्याण. पोरीचं काय करू?"

भिमाजीरावांनी दुसरीकडं सोयरीक केली. त्यानंतर राहुरीचं स्थळ आलं, मग नेवाशाचं. दोघांनीही पोहे खायच्या आधी तेच विचारलं. माझा विनोद माझ्याआधी तालुके फिरून आला होता.

यंदाच्या हंगामात चुलवाणापाशी तात्यांच्या पायाखाली निखारा आला. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यांना कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा चुलीत जाळ घालणाऱ्या गड्यानं त्यांना ओढलं. दोन बोटं काढावी लागली. जखम अजून भरत नाही. गुऱ्हाळावर आता दुसरा गुळव्या आहे.

परवा भेटायला गेलो. तात्या खाटेवर, पाय उशीवर, शेजारी आत्या. आरतीनं चहा आणला. कप तीन, बश्या तिन्ही पालथ्या.

"तिसरा कुणाचा?"

"माझा."

"अगं, तुझा रिपोर्ट चांगला हाय की!"

"आतापासून सवय करतीय," ती म्हणाली आणि बशी उचलून प्याली.

गोजराकाकूंनी माझ्यासाठी साखरेचा डबा काढला. तात्यांनी हातानंच थांबवलं. "त्याचा चहा आरतीचं जमल्यावर. बोली हाय तशी."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्याकडं माझा एक चहा अजून येणं आहे.