पुसून टाकलेली टोलची नोटीस आणि विजयपूरचा रस्ता

विजयपूरला जायचं माझ्या मनातही नव्हतं. गुरुवारी सकाळी सोलापुरातल्याच भवानी पेठेतून ताईचा फोन आला, "नंदू, हे अजून आले नाहीत रे," आणि तासाभरात मी मित्राची गाडी मागून तिच्या दारात उभा राहिलो.

दाजी शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वर्षभरात त्यांना विसर पडायला लागला होता. चहा पिऊन पुन्हा चहा मागायचे. तरी अक्कलकोटची वाट त्यांना पाठ होती. मंगळवारी सकाळी निघायचे, एक रात्र मठाजवळ मुक्काम करून बुधवारी संध्याकाळपर्यंत परत. या वेळी बुधवार गेला तरी आले नाहीत आणि फोनही बंद.

त्यांच्याकडची गाडी मूळची माझी. देऊन दोन वर्षं झाली होती, नावावर करून द्यायचं राहून गेलं होतं. म्हणून मंगळवारी दुपारी मेसेज मला आला होता: तुमच्या वाहनाचा टोल भरलेला नाही, नोटीस पाहा. खाली लिंक. अशाच एका लिंकनं आमच्या शाळेतल्या एका सरांचं खातं रिकामं झालं होतं. मी मेसेज पुसला आणि पुढच्या तासाला गेलो.

ताईच्या ओट्यावर बसून आता मी सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. नोटीस खरी होती. फाटक नसलेल्या टोलवर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, फास्टॅगमध्ये पैसे नसले की नोटीस मोबाइलवर येते आणि पोर्टलवरही दिसते. फोटोत आमचीच गाडी होती. मंगळवार, दुपारी दोन. ठिकाण विजयपूर रस्ता.

"हा तर अक्कलकोटचा रस्ता नाही," ताई म्हणाली.

आम्ही त्याच रस्त्यानं निघालो. रस्ता चौपदरी, चांगला आहे. हत्तूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना मोकळं रान, मग भीमेचा पूल, आणि पलीकडे पाट्या कन्नडमध्ये. सोबत पाणी भरपूर घ्या, सावली कमी आहे. झळकीजवळच्या ढाब्यावर शंभर रुपयांत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी मिळते. मी पोट भरायला खाल्लं, ताईनं ताटाला हात लावला नाही. तिनं मालकाला दाजींचा फोटो दाखवला.

"व्हय की, परवा आले होते," तो म्हणाला. "अक्कलकोट कुटं हाय म्हणून विचारत होते. मागं फिरा म्हटलं, तर सरळच गेले."

पुढं दहा-बारा किलोमीटरवर, एका कच्च्या वाटेच्या तोंडाशी गाडी दिसली. जवळच एक मेंढपाळ बाई उभी होती. मोडक्या मराठीत तिनं सांगितलं, "काल दिवसभर गाडीतच बसले होते. लई ऊन होतं. पाणी दिलं तर म्हणाले, मठ आला का? दुपारी पडले. मग गाववाल्यांनी दवाखान्यात नेलं."

विजयपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ताईला खुर्ची दिली. दाजी बुधवारी संध्याकाळीच गेले होते. उष्माघात. पोलिसांनी गाडीच्या नंबरावरून पत्ता काढला होता, पण तो मी सोडलेल्या भाड्याच्या घराचा होता. मी डॉक्टरांना विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? त्यांनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही."

कागदपत्रांत शुक्रवारची दुपार झाली. शववाहिका पुढं, आम्ही मागं. भीमेच्या पुलावर मी ताईला सांगितलं, की मेसेज मंगळवारीच आला होता आणि मी पुसला होता.

हत्तूरच्या अलीकडे ती म्हणाली, "मीपण मंगळवारी फोन केला नाही. रात्री एकदा हातात घेतला होता. म्हटलं, राहू दे, एक दिवस तरी जरा निवांत. झोप लागली मला."

सोलापुरात आल्यावर टोल भरला, मुदत उलटली म्हणून दुपटीनं. त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: गाडी ज्याच्या हातात आहे, त्याच्याच घरातला मोबाइल नंबर आणि पत्ता नोंदवा. नोटीस पाठवली की पोचली असं धरतात. मेसेज खोटा वाटला तर लिंक उघडू नका, पण पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. पाच मिनिटं लागतात.

ताई आता रोज रात्री मला फोन करते. बोलायला काही नसतं. घरी आहेस ना, एवढंच विचारते.