नऊ महिन्यांची पोर घेऊन कच्च्या जेवणाच्या शिबिराला

जायचं माझ्या मनात नव्हतंच. माझी मोठी नणंद, स्वातीताई, पुण्यात बँकेत असतात. दोन वर्षं झाली, त्या शिजवलेलं काही खात न्हाईत. फळं, काकडी, गाजर, मोड आलेली मटकी, भिजवलेले दाणे, ओलं खोबरं. दूध, दही, तूप बंद. ध्यानाला बसायला लागल्या आणि तिथनं हे सगळं सुरू झालं. आधी त्यांचं डोकं दुखायचं, कुणावर बी खेकसायच्या. आता लय शांत झाल्यात. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, खोटं बोलणार न्हाई. त्याच म्हणाल्या, "रूपाली, लोणावळ्याजवळ तीन दिवसांचं शिबिर आहे. ओवीला घेऊन चल. तुझी भीती जाईल."

माझी भीती म्हणजे अशी. ओवी दिवस भरायच्या आधीच झाली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यापासून मला धड झोप न्हाई. सारखं तिच्या नाकाखाली बोट धरायचं, वारा लागला की परत आडवं व्हायचं. आता ती नऊ महिन्यांची हाय, रांगती, दोन दात आल्यात, तरी माझं बोट धरायचं सुटलं न्हाई. वजन कमीच भरतं तिचं. घरात जो तो सांगतो, हे दे, ते दे. सासूबाई म्हणतात खिमट दे, तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड करून, पातळ शिजवलेलं. ताई म्हणतात, शिजवलं की अन्नातला जीव जातो, पोरीला पहिल्यापासून कच्चंच दे. मी दोघींना व्हय म्हणायची. माझी आठवीत शाळा सुटली. ज्याला कळत न्हाई त्यानं व्हय म्हणावं, एवढंच मला ठाऊक.

शुक्रवारी सकाळी आमी चिंचवडहून लोणावळा लोकल धरली. तुमी येणार असाल तर लोकलनंच या. तिकीट वडापावाच्या भावात, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवार रस्त्यावर गाड्या जागच्या हलत न्हाईत. तळेगाव सोडलं की दोन्ही अंगाला भातखाचरं लागतात. ओवी खिडकीच्या गजाला तोंड लावून बसली आणि मी तिचं तोंड पुसत बसले. वडगावला एक म्हातारी चढली, शेजारी टेकली.

"कुटं निघालीस एवढीशी पोर घिऊन?"

"शिबिराला, मावशी. तितं तीन दिवस कच्चं खायचं."

"पैसं द्यायचं आन् कच्चं खायचं?"

"व्हय."

म्हातारीनं जरा विचार केला. "मग शिजवून दिलं तर किती घेत्यात?"

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना बी हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

लोणावळ्याला उतरलं की रिक्षावाले "भुशी, भुशी" करत अंगावर येतात. आमाला कुसगावच्या वर जायचं होतं. एकजण दोनशे म्हणाला, दीडशेला आला. शेवटचा चढ रिक्षा चढत न्हाई, पायी जावं लागतं. पोर, पोरीची पिशवी, माझी पिशवी, छत्री. वर पोचेस्तोवर मी तीनदा वाटेत टेकले. लहान लेकरू घेऊन येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, तितं धुकं असतं, दुपटी तीन दिवस वाळत न्हाईत. घरातली असतील तेवढी घेऊन या.

जागा साधी. पत्र्याचा मोठा हॉल, मागं खोल्या, खाली गाद्या. आमी वीस-बावीस जण. शिबिर घेणाऱ्या आक्का पिकल्या केसांच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. नियम सांगितले. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मौन. काही लागलंच तर जेवणाच्या बुटक्या टेबलावर कागद-पेन्सिल हाय, चिठ्ठी लिहायची. आणि या खेपेपासून चूल न्हाई. आधी म्हणे निम्मं जेवण शिजवायचे. आता सगळं कच्चं, म्हणून स्वयंपाकवाल्या बाईला बी सुट्टी. मी आत डोकावले. ओटा होता, भांडी होती, शेगडी नव्हती. देव नसलेलं देवघर बघावं तसं कसंतरी झालं.

पहिलं जेवण म्हणजे पपई, मोडाची मटकी, किसलेला दुधी, खोबऱ्याची चटणी. आक्का म्हणाल्या, "घास तळहातावर घ्या. कुठून आला, कुणाच्या हातून आला, ते आठवा. मग खा." मला आधी नाटक वाटलं. पण खरं सांगू का, ओवी झाल्यापासून मी बसून जेवलेच नव्हते. उभ्यानं, गॅसजवळ, पातेल्यातनंच. त्या दिवशी ताईंनी पोर घेतली आणि मी मांडी घालून दुधीचा कीस चावत बसले. चावता चावता रडायला आलं. चव तशी काही नव्हती.

एका बाईनं विचारलं, दूध का न्हाई चालत? आक्का म्हणाल्या, "कारण ते वासराचं आहे." ओवी तेव्हा माझ्या अंगावर पीत होती. माहेरी धार काढताना वासरू दाव्याला धरून ठेवायचं काम माझं असायचं. ते कसं ओढ घ्यायचं, ते माझ्या हाताला आठवलं. एवढी वर्षं त्याचा कधी विचार केला नव्हता.

मग ध्यान. श्वासाकडं बघा म्हणाल्या. सगळे आपापला श्वास बघत होते, मी मांडीवरच्या ओवीचा बघत होते. तासभर बघितला. कुणी ओरडलं न्हाई, की आता पुरे कर. लय दिवसांनी पाठ ढिली पडली. पण भूक गेली न्हाई. पाजणाऱ्या बाईला पपई किती पुरणार?

शनिवारी सकाळी मागच्या नळावर दुपटी धूत होते. एक मावशी पाटी घेऊन आली, खालच्या ठाकरवाडीतली. रानभाजी घेऊन आली होती. ती भाजी मी लांबूनच ओळखली, तेरं. म्हणजे रानातला अळू, ओढ्याकडंला येतो. आमच्याकडं पावसाळ्यात त्याचं फदफदं करतात, चिंच घालून, चांगलं रटरटवून. कच्चं जिभेला लागलं तर घशात काटे टोचल्यागत होतं. मावशीनं जुड्या दिल्या, स्वयंपाकघर बघणाऱ्या सुधीरभाऊंनी हात जोडून घेतल्या. हे सुधीरभाऊ कॉम्प्युटरची नोकरी सोडून तितं सेवेला राहिलेले, पंचेचाळिशीचे. माझ्या मनात आलं, चूल तर न्हाई, मग हे करणार काय? मग म्हटलं, बाहेर कुणाला देत असतील. शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असंल.

नाश्त्याला हिरवा रस आला. पुदिना होता, काकडी होती. सगळे मौनात, हातात पेला धरून डोळे मिटलेले. मी नाकाशी नेला. पुदिन्याच्या खालनं तोच वास. जिभेचं टोक लावलं. आधी काही न्हाई. मग चुरचुर, मग सुया.

मी पेला खाली ठेवला. सगळे पीत होते. आक्का पीत होत्या. एवढ्या माणसांत मीच बरोबर, असं कसं होईल? पेन्सिल उचलली. मला लिहायला वेळ लागतो. "ते" एवढं लिहिलं आणि मान वर केली. समोर ताई. मांडीवर ओवी. ताईंनी पेल्यातला रस चमच्यात घेतला होता, आणि माझी पोर तोंड उघडून पुढं झाली होती.

मी ओरडले. "ताई, नगं! तेरं हाय ते!"

टेबलावरनं हात मारला तसा चमचा उडाला. ओवीनं भोकाड पसरलं. सगळ्यांनी डोळे उघडले. ताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू माझं डोकं फिरलंय. मी ओवीच्या तोंडात बोट घालून बघितलं, ओठ बघितले, जीभ बघितली. काही लागलं नव्हतं. एक गृहस्थ तेवढ्यात खाकरले. मग दुसरे. मग ताईंनी स्वतःचा गळा धरला.

मावशी मागच्या पायरीवर पाटीसाठी थांबलेली होती, आवाज ऐकून आत आली. "काय झालं?" मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"कच्चं पिलं? आवं, म्हस बी तोंड लावत न्हाई त्याला!"

सुधीरभाऊंचा आवाज बसला होता. "मावशी, सांगायचं ना तुम्ही!"

"काय सांगायचं? भाजी शिजवा म्हनून? उद्या म्हनाल, पानी पिताना तोंड उघडायचं, ते बी सांगितलं न्हाई!" मग ती इकडं-तिकडं बघायला लागली. "आन् जुडीसंगं दर खेपेला चिंचेचा गोळा देते मी, तो कुटंय? तो काय लाडानं देते व्हय?"

तेरं देताना चिंच द्यायची, ही आमच्याकडची बी रीत. चिंच दिली म्हणजेच सांगितलं, की शिजव. स्वयंपाकवाली बाई असती तर तिनं ती भाजीत घातली असती, सुधीरभाऊंनी फळीवर बरणीत नीट भरून ठेवली होती. मावशीनं सगळ्यांच्या हातावर बोरायेवढी गोळी ठेवली. बावीस माणसं गप चिंच चोखत बसली. मौन मग कुणाला पाळावं लागलं न्हाई, ते आपोआप झालं. एकांचे ओठ सुजले होते, त्यांना गाडीनं लोणावळ्याला डॉक्टरकडं नेलं. दुपारी बरे होऊन आले. बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत उतार पडला.

आक्का माझ्याजवळ आल्या. त्यांचा बी घसा बसला होता. मला वाटलं, आता मौन मोडल्याचं बोलणार. त्या म्हणाल्या, "अन्नाकडं बघा, असं मी रोज सांगते. आज मीच बघितलं नाही." मग म्हणाल्या, "बाळाला काय देऊ?"

मी इतकी दमले होते की भ्यायचं बी त्राण उरलं नव्हतं. म्हणाले, "खिमट. मला जाळ पायजे."

"इथे चूल नाही."

"माझ्याकडं हाय की," मावशी म्हणाली. "चल पोरी."

ठाकरवाडी खाली पंधरा मिनिटांवर. वाट निसरडी, मावशीनं ओवीला घेतलं आणि अनवाणी सरासरा उतरली. ताई बी मागनं आल्या, मी बोलावलं नव्हतं. मावशीनं तांदूळ आणि मूगडाळ तव्यावर भाजली, जात्यावर भरडली, मी शिजवलं. धूर डोळ्यात गेला तरी बरं वाटलं. ओवीनं वाटीभर खाल्लं, आणि वाटीत हात घालून पुन्हा मागितलं. इतकं तिनं आधी कधी खाल्लं नव्हतं.

ताई उंबऱ्याजवळ बसल्या होत्या, गालात चिंच. "रूपाली, मी तिला दिलं असतं गं."

"व्हय," मी म्हणाले. असू द्या ताई, असं म्हणता आलं असतं. म्हटलं न्हाई.

थोड्या वेळानं ताईंनी मावशीला विचारलं, "तुम्ही कच्चं काहीच खात नाही?"

"खातो की. काकडी, करवंदं, कवळी भेंडी, शेंगा. रानात गेलं की दिसभर तोंड चालूच." मावशी जाळ मागं ओढत म्हणाली, "पन कंचं कच्चं खायाचं आन् कंचं शिजवायचं, ते आईनं सांगितल्यालं. तुमास्नी कुनी सांगितलं?"

ताईंनी ओवीची रिकामी वाटी उचलली. बाहेर जाऊन धुऊन आणली.

रविवारी सकाळी शेवटचं ध्यान झालं आणि आमी निघालो. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. ह्यांच्यासाठी पाव किलो शेंगदाण्याची घेतली. लोकलमधी मी बसल्या जागी झोपले. चिंचवड आलं तेव्हा ताईंनी उठवलं. ओवी त्यांच्याच मांडीवर होती.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. बायका विचारतात, भीती गेली का? न्हाई गेली. परवा ओवी शिंकली तरी माझं पाणी पाणी झालं. पण सकाळी सगळे उठायच्या आधी दहा मिनिटं गप बसते. तेवढं मला पुरतं. रात्री मूग भिजवते, सकाळी तेच खाते, बसून खाते. चहा सोडला न्हाई, दुधाचाच पिते, पण पिताना ते वासरू आठवतं, आणि दुसरा कप घेत न्हाई. ओवीचं खिमट शिजतंच, आणि त्यात तूप बी असतं. सासूबाईंना मी सांगितलं, ताईंना सांगितलं, ह्यांना बी सांगितलं, हिचं खाणं मी ठरवणार. सांगताना कुणाकडं बघितलं न्हाई, खिमट ढवळत होते. तरी सांगितलं.

ताई अजून कच्चंच खातात. त्यांना ते मानवतं, मी त्यांना काही म्हणत न्हाई. त्यांचं हे इंटरनेटवरचं पान हाय, कच्च्या जेवणाचं, लय लोक वाचतात. गेल्या रविवारी आल्या आणि म्हणाल्या, शिबिराचं तू लिही. मी म्हटलं, मला कुटं लिहिता येतं? म्हणाल्या, फोनमध्ये बोल, तो लिहितो, तुझी बोली तशीच राहू दे.

मी विचारलं, "सगळं सांगू? चमच्याचं बी?"

ताई ओवीची नखं काढत होत्या. त्यांनी मान वर केली न्हाई.

"चमच्याचं तर सांगच," त्या म्हणाल्या. "आणि चमचा माझ्या हातात होता, तेही सांग."