चंद्राच्या पाठीवरचा अंगठा

उमरखेडला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कागदावर वार्निश आहे, प्लास्टिकचा थर आहे की नुसती शाई, हे मला न बघता बोटांनी कळतं. त्या सवयीतूनच टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांचे, जुने संच जमवायला लागले. भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मला छपाई आवडते. एकच चित्र तीन आवृत्त्यांत तीन तऱ्हांनी दिसतं. जुन्यात पिवळा मातकट आणि रेघ जाड, जराशी फुटलेली. नंतरच्यात रंग भडक. अगदी नव्यात वर असा चकचकीत थर, की पत्ता साबणासारखा हातातून निसटतो.

माझी थोरली जाऊ भविष्य सांगते. दर शनिवारी तिच्या ओसरीवर बायका पत्ते काढायला बसतात. गेल्या दिवाळीत तिनं माझा सर्वांत जुना संच मागून नेला. "चार दिवस पाहू दे वं," म्हणाली. महिन्याने परत केला, माझ्याच डबीत. उघडून पहिला पत्ता उचलला तर तो हातातून सटकला. नव्या आवृत्तीचा कोरा संच मागवून तिनं माझ्या डबीत भरला होता. चित्रं सारखी म्हणजे पत्ते सारखे, असा तिचा हिशेब.

"ताई, हे पत्ते माह्ये नाही," मी म्हटलं.

"काहून? तोच सूर्य, तोच चंद्र. पत्रिका इकून इकून डोये गेले तुहे."

मग गावातून ऐकू आलं, तिला गुरूंकडून शंभर वर्षांचे जागृत पत्ते मिळाले म्हणे. मी भांडले नाही. संक्रांतीची वाट पाहिली आणि हळदीकुंकवाला तिला पत्ते घेऊनच बोलावलं. तिला तेवढंच हवं होतं.

माझा बेत सोपा होता. दोन्ही संचांतला एकेक पत्ता बायकांच्या हातात द्यायचा. मुलीचं लग्न केलेली इथली प्रत्येक बाई माझ्या दुकानात बसून मॅट की ग्लॉसी यावर तासभर वाद घालून गेलेली आहे. जुना कोणता, नवा कोणता, हे त्याच सांगतील. मग ते जागृत पत्ते कुठून आले ते मी सांगणार होते.

तिनं पिशवीतून पत्ते काढले आणि माझा बेत तिथंच फसला. सगळे पत्ते लॅमिनेट केलेले. आमच्याकडे रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत जे जपायचं ते लॅमिनेट होतं. तिनं तेच केलं होतं. प्लास्टिकखालच्या कागदाला बोट लागणार कसं? आणि ते सोलायला गेलं की सोबत शाई निघते. माझा संच कायमचा कामातून गेला होता.

"आता काई होत नाही याले," ती सगळ्यांना कौतुकाने सांगत होती.

पत्ते काही पिसले जाईनात. सारखे सटकून सतरंजीवर पसरत होते. शेजारच्या कटलरीवाल्याची बायको दरवर्षी आमच्याकडे तिळगुळाला येते. ती म्हणाली, "क्या दीदी, नशीब तर पळून राह्यलं तुमचं!" बायका हसल्या. मी पत्ते गोळा करायला वाकले आणि चंद्राच्या पत्त्यामागे मला माझा अंगठा दिसला.

एकदा दुकानात मरून रंगाच्या शाईचा हात त्या पत्त्याला लागला होता. कटिंग मशीनने माझ्या अंगठ्यावर तिरपा वण केलेला आहे. ठशातही ती तिरपी पांढरी रेघ उमटली होती. जावेला तो छपाईचा डाग वाटला असणार.

मी अंगठा ओला करून कुंकवात दाबला आणि त्या ठशाशेजारी, प्लास्टिकवर उमटवला. पत्ता आधी कटलरीवालीकडे दिला.

"अगं बाई, लकीरही तीच!" तिनं माझा हात धरून अंगठा उताणा केला. "भाभी, हे पत्ते तर तुमचे हायत."

पत्ता हातोहात फिरला. शेवटी जावेने तो ओढून घेतला आणि पदराने घासला. कुंकू गेलं. मरून रंगाचा ठसा आत तसाच राहिला. ती पुन्हा घासायला लागली.

"पुसा ताई, पुसा," मी म्हटलं. "तो नाही निघत. तुमीच जपून ठेवलं त्याले."

कोणी हसलं नाही. ते मला जास्त आवडलं.

वाण म्हणून सगळ्यांना स्टीलच्या वाट्या दिल्या. तिच्या ओटीत मी तिचा तो नवा संच घातला. डबी ठेवून घेतली. जुना परत मागितला नाही. प्लास्टिकमध्ये चिणलेला तो माझ्या काय कामाचा? तिच्याकडे तो अजून कामाचा आहे.

शनिवारी अजून काही बायका तिच्या ओसरीवर जातात. कटलरीवाली सांगते, बसल्या की आधी चंद्र शोधून उलटा करून पाहतात.