पऱ्हाटी जाळून टाकतात, असं मी लिहिलं

मी एक खोटी ओळ लिहिली. माझ्या हातानं, आणि खाली सही केली. पऱ्हाटीचं गावात सध्या काय होतं, असा एका अर्जात रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'शेतकरी शेतातच जाळून टाकतात.'

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मला राजूरजवळच्या आमच्या गावातून माल गोळा करायला नेमलं होतं. कापूस वेचून संपला की रानात वाळकी झाडं उभी राहतात, ती पऱ्हाटी. यंत्रानं तिचा शेतातच भुगा करायचा, कारखान्यात दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि त्या वीज केंद्रात कोळशाबरोबर जाळायच्या. तेवढा कोळसा वाचतो. यात मला आजही काही वाईट दिसत नाही. पण कारखान्याला नुसती पऱ्हाटी चालत नव्हती, कागदावर कचरा हवा होता. एरवी फुकट जळून नुसता धूर करणारा. अर्ज भरून घेणारा साहेब म्हणाला, सगळ्या गावांनी हेच लिहिलंय. मीही लिहून दिलं.

आमच्याकडे पऱ्हाटी कोणी जाळून टाकत नाही. जी बाई लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यानं ती उपटते, तीच मोळ्या बांधून घरी नेते. मजुरी ठरत नाही, कोणी कोणाला विचारत नाही. आपलं रान मोकळं होतं आणि तिची चूल वर्षभर चालते. आमच्या शेतातली पऱ्हाटी माझ्या वडलांच्या काळापासून गावातली एकच मावशी उपटायची.

यंदा यंत्र आलं आणि दोन दिवसांत शिवार साफ झालं. तिसऱ्या दिवशी मावशी चिमटा खांद्यावर घेऊन बांधावर आली. उपटायला एक काडी नव्हती. ती भांडली नाही. लेक बाळंतपणाला आलीय, एवढं बोलली आणि परत गेली.

मी कारखान्यात गेलो आणि ती ओळ खोडायचीय म्हणालो. साहेब हसला. घरोघरी गॅस आहे ना, मग बाईला पऱ्हाटी कशाला, असं त्यानं विचारलं. त्याच्या डोक्यावर 'कचऱ्यापासून वीज' असा फलक होता. माझं डोकं फिरलं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, तिच्यात निखारे लागतात, ते काय गॅसमधून काढायचे, असं मी ओरडलो. शिपायानं दंड धरून मला बाहेर काढलं. फाटकाबाहेर उभा राहून मी मनातल्या मनात त्याला आणखी शिव्या घातल्या. पण त्यानं आमचं गाव पाहिलं तरी होतं का? मी तर तिथंच जन्मलो होतो.

ते काम मी त्याच दिवशी सोडलं. पुढच्या आठवड्यात बांधावरचं वाळलेलं कडुलिंबाचं झाड तोडून ट्रॉलीभर लाकूड मावशीच्या दारात नेलं. लेक बाळंत झाली होती. चुलीत ओली बाभूळ घातलेली, घरभर धूर, आणि आत बाळ खोकत होतं. मावशी डोळे पुसत बाहेर आली. शेजारच्या दोघी-तिघी भिंतीपाशी येऊन थांबल्या.

"हे कारखान्यानं सोडलं का भाऊ?" ती म्हणाली. "मला वाटलं, आता झाडंबी त्याहिचीच."

शेजारणी हसल्या. मी साहेब, फलक, शिपाई, सगळं सांगायला लागलो. कामही सोडलं म्हणालो.

तिनं मला मध्येच थांबवलं. "त्याचं न्हाई इचारून राह्यले मी. लोकं म्हणतेत तुम्ही कायतरी लिहून देल्तं. काय लिहिलं ते सांगा."

मी मान खाली घातली.

"मावशी, मी लिहिलं की आम्ही पऱ्हाटी जाळून टाकतो. ती तुझ्या चुलीला जाते हे मला ठाऊक होतं. लिहिताना तू मला आठवली होतीस, तरी लिहिलं. मला कोणी फसवलं न्हाई. चूक माझी हाय. मला माफ कर."