अकरा नोटांची बँक

आमच्या साडूंइतका धोकादायक माणूस अख्ख्या शारजात दुसरा नव्हता, आणि त्यांनी आयुष्यात कधी मुंगीलाही दुखावलं नव्हतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान अल मजाज भागात आमच्याच इमारतीत, आमच्या वर दोन मजले राहायचे. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, दिसायला अगदी पापभीरू. पण त्यांच्या शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात, एक जुनी नोट असायची. आणि बोलता बोलता त्यांचा हात त्या खिशाकडे निघाला की मी दार कुठे आहे ते बघून ठेवायचो. हात खिशात पोहोचला की समोरच्या माणसाचा दीड तास गेलाच म्हणून समजा. जुनेजाणते लोक हात छातीपर्यंत यायच्या आतच बाल्कनीत पळायचे, बायकांना एकदम कुकर आठवायचा. एका सत्यनारायणाला कल्याणहून नुकताच आलेला एक बिचारा प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. द्रोणातला शिरा थिजून दगड झाला, त्याची बायको कंटाळून टॅक्सी करून घरी गेली, तरी साडूंच्या गोष्टीतलं संस्थान विलीन व्हायला अजून दोन वर्षं बाकी होती.

नोट त्यांच्या गावच्या बँकेची होती. गाव म्हणजे एके काळचं पिटुकलं संस्थान. एक बाजारपेठ, एक टेकडी आणि एक बँक. महायुद्धात सुटी नाणी बाजारातून नाहीशी झाली, भाजीवाले सुट्याऐवजी मिरच्या हातावर ठेवायला लागले, तेव्हा या बँकेने स्वतःच्या नोटा काढल्या: एक आण्याची, दोन आण्यांची आणि रुपयाची. साडूंचे आजोबा बँकेचे खजिनदार. प्रत्येक नोटेवर त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली होती आणि सहीच्या वर छापलं होतं, ‘मागणी करताच रोख देऊ.’ पुढे संस्थान गेलं, बँक मिटवायची ठरली, तेव्हा हे आजोबा तीन महिने बँकेच्या ओट्यावर बसून राहिले आणि नोट घेऊन जो आला त्याला त्यांनी रोख पैसे दिले. अकरा नोटा तेवढ्या आल्याच नाहीत. त्या अकराही साडूंनी दर दोन वर्षांच्या रजेत गावात हिंडून गोळा केल्या, कुठे पोथीतून, कुठे देव्हाऱ्याखालून, एक तर न्हाव्याच्या आरशामागून. ताईंना त्या रजांमध्ये माथेरानसुद्धा दिसलं नाही. “आजोबा गेले, बँक गेली, पण शब्द दिलेला आहे,” साडू म्हणायचे, “या नोटा आजही चालू आहेत.” मी एकदा धीर करून विचारलं, “पण पैसे देणार कोण?” त्यांनी माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. “ते नंतरचं. आधी शब्द शाबूत आहे की नाही, ते सांगा.”

दरवर्षी पाडव्याला ते आंघोळ करून, नवा शर्ट घालून रोला बाजारातल्या एका मनी एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहायचे आणि आपल्या बँकेच्या रुपयाचा आजचा भाव विचारायचे. मागे घरी पैसे पाठवायला आलेली साइटवरची पोरं घामाने निथळत उभी असायची; “ओ काका, यल्ला, आटपा की, आमची बस सुटंल,” असं ओरडायची. काउंटरवरचा मल्याळी कारकून मोठा सज्जन होता. नोट दोन्ही बाजूंनी बघून तो म्हणायचा, “टुडे नो रेट, अंकल. नेक्स्ट इयर, इन्शाल्ला.” साडू विजयी मुद्रेने घरी यायचे. “नाही म्हणाला नाही!” उलट, चालू नोटांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सुपरमार्केटात सुटे दिरहम हातात पडले की ते उजेडाकडे धरून मोठ्याने म्हणायचे, “सही छापील! यांच्या साहेबाला दिवसभर दुसरं काम तरी काय असतं?” कॅशियर मुलगी घाबरून मॅनेजरला बोलवायची, मॅनेजर नोट पुन्हा तपासायचा, आणि मी मागच्या मागे कांदे-बटाट्यांच्या आड होऊन, हे गृहस्थ आपले कोणी नव्हेत असा चेहरा करायचो.

बँकेचा इतिहास त्यांनी नऊ वर्षं खपून लिहिला. शारजातल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात त्याच्या दोनशे प्रती फुकट वाटायच्या, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. अध्यक्ष त्यांना बघून जिन्याने उतरून जायचे. प्रत्येक प्रतीत रुपयाच्या नोटेची एक नक्कल चिकटवायची, ही कल्पनाही त्यांचीच. रंगीत झेरॉक्स तेव्हा नवी होती. एका पानाला पाच दिरहम, म्हणजे पन्नासच्या वर रुपये, असा हिशेब ताईंनी तीनतीनदा ऐकवला. पण एका गुरुवारी सकाळी हे गृहस्थ रजा टाकून, अकराही नोटा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलेच. तिथे त्यांनी सांगितलं की दोन्ही बाजू हव्यात, माप तंतोतंत हवं, कागद जाड हवा आणि प्रत्येक नकलेवर पुढचा नंबर हवा. तेवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पण मशीनवरच्या माणसाने पहिल्या पंधरा-वीस प्रती काढून दाखवल्या तेव्हा यांनी त्यातली एक उजेडाकडे धरली आणि त्याला दम भरला, “ऐसा नहीं चलेगा. असली-नकली में फरक नहीं दिखना चाहिए!” तो माणूस आत पाणी प्यायला म्हणून गेला आणि पोलिसांना घेऊन आला.

मला ऑफिसात ताईंचा फोन आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. गुरुवारी ठाण्यातलं लिखापढीचं काम एक वाजता बंद, शुक्रवारी सुट्टी. एकपर्यंत प्रकरण मिटलं नाही तर साडू दोन रात्री आत राहणार, शनिवारी कागद वर जाणार आणि कंपनीला कळणार. कंपनीला कळलं की व्हिसा खलास. त्यांच्या मुलीची बारावीची परीक्षा सहा आठवड्यांवर होती. मी माझा पासपोर्ट जामिनासाठी घेतला आणि दुबईहून शारजापर्यंतच्या त्या ट्रॅफिकमध्ये, आयुष्यात कधी केला नव्हता इतका देवाचा धावा केला. ठाण्याच्या दारात ताई उभ्या होत्या, हातात पोळी-भाजीचा डबा. त्या रडत नव्हत्या, याचीच मला जास्त भीती वाटली.

आत एक पिकल्या दाढीचे अधिकारी बसले होते. टेबलावर अकरा नोटा ओळीने मांडलेल्या, शेजारी नकलांचा गठ्ठा, समोर आमचे साडू, ताठ. अधिकारी चांगलं हिंदी बोलत होते आणि चिडलेले मुळीच नव्हते. “तुम इसका भाई? अच्छा. मैं इसको एक ही बात पूछता है. ये पैसा है या कागज? कागज है तो लिख के दो और घर जाओ. पैसा है तो तुम पैसा छापता है. फिर मेरा हाथ में कुछ नहीं.”

“पैसा है साब,” साडू म्हणाले.

“बँक किधर है?”

“बंद हुआ.”

“राजा?”

“वो भी गया.”

“तो पैसा कौन देगा?”

“वो बाद में देखेंगे, साब. शब्द दिया हुआ है.”

भिंतीवरचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं. कारकुनाने अरबीत टाइप केलेला कागद समोर सरकवला आणि अधिकाऱ्यांनी त्यातला मजकूर हिंदीत वाचून दाखवला: या कागदांना काही किंमत नाही, यांच्या बदल्यात कोणी कोणाला काही देणं लागत नाही, यांवरचा शब्द आता राहिलेला नाही. खाली सही. साडूंनी ऐकलं आणि हात मांडीवर ठेवले. मी समजावलं, विनवलं, त्यांचा खांदा हलवला. “साडूभाऊ, नुसता कागद आहे हा. करून टाका सही.” ते हळू आवाजात म्हणाले, “अहो, तीन महिने ओट्यावर बसलेला माणूस तो. त्यांच्या सहीवर मी हे लिहून देऊ?” पावणेएक झाला. कारकुनाने टाइपरायटरवर झाकण घातलं. दाराच्या काचेतून ताई दिसत होत्या, डबा तसाच हातात. आणि मग मी बोललो. दहा वर्षांचा राग कुठून वर आला कोण जाणे. “कोण विचारतंय तुमच्या आजोबांना? बाहेर बायको उन्हात उभी आहे, पोरीची बारावी आहे, आणि तुम्ही या चिठोऱ्यांसाठी आम्हाला देशोधडीला लावताय! दहा वर्षं ऐकतोय आम्ही हे. तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच. हसतात लोक!”

चिठोरी हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हाच मला कळलं की हा परत घेता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. मग पेन घेतलं आणि एका झटक्यात सही केली.

नकला फाडून टाकल्या गेल्या. अकरा नोटा अधिकाऱ्यांनी स्वतः पाकिटात भरल्या आणि दोन्ही हातांनी परत दिल्या. वेळ संपली होती, कारकून निघाला होता, पण त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. “मेरा बाप के टाइम में इधर भी रुपया चलता था,” ते खुर्चीत रेलून म्हणाले, “अब आराम से बोलो हबीबी, कैसा बँक था तुम्हारा?” मी साडूंकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे त्यांना आपण होऊन विचारणारा हा पहिला माणूस. त्यांचा हात खिशाकडे निघेल म्हणून मी वाट बघत राहिलो. त्या दिवशी मी आनंदाने दीड तास बसलो असतो. साडू चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाले, “कुछ नहीं, साब. कागज है.”

माझं सगळ्यांनी कौतुक केलं. ताईंनी हात जोडले, बायकोने माझी दृष्ट काढली, मुलगी पास झाली. इतिहासाच्या प्रती निघाल्या नाहीत. पुढच्या पाडव्याला साडू घरीच होते, टीव्ही बघत. त्यानंतर त्यांच्यासमोरून कोणाला पळावं लागलं नाही. लोक बाल्कनीतून आत आले, त्यांच्याशेजारी बसायला लागले, म्हणायला लागले की माणूस किती निवळला. ते हवेबद्दल बोलायचे, पार्किंगबद्दल बोलायचे, आणि ते ऐकताना मीच उठून बाल्कनीत जायचो.

ते कायमचे गावी परतायच्या आधी, निरोपाला म्हणून आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. पाच-सहा वर्षं मध्ये गेली होती. काही नवे पाहुणेही होते, आणि गप्पा सारख्या विझत होत्या. शेवटी मीच सुरुवात केली. आमच्या साडूंच्या गावाची एक बँक होती, तिने स्वतःच्या नोटा काढल्या होत्या, वगैरे. जमेल तितकं रंगवून सांगितलं. आणि शेवटी, त्यांच्याकडे न बघता, मुद्दाम म्हणालो, “पण ती बँक पुढे बुडाली. लोकांचे पैसे गेले.”

एके काळी या वाक्यावर त्यांनी ताट बाजूला सारून मला उभा फाडला असता, आणि मला तेच हवं होतं. मी मान वर केली. ते माझ्याकडेच बघत होते, ठाण्यात बघितलं होतं तसं. मग त्यांनी कोशिंबिरीचं भांडं पुढे ओढलं आणि म्हणाले, “असेल.”