शिवप्पा काकांची दुपारची चाचणी

शिवप्पा काका सकाळी कुणाचंही मेमरी बोर्ड तपासत नाहीत. लातूरला एका डाळमिलच्या मागे त्यांची पत्र्याची खोली आहे. आम्ही मायलेकी नांदेडहून पहिल्या एसटीनं निघालो आणि दहाच्या सुमारास तिथे पोहोचलो, तर ते म्हणाले, "बसा बाई. पत्रा तापू द्या."

माझी सृष्टी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दोनदा राहिली. तिचा क्लास याच लातुरातला, म्हणून स्टँडवर उतरताच तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला होता. वर्षभरात तिनं एकेक गोष्ट सोडली. पुस्तकं, मैत्रिणी, मग आमच्यासोबत जेवायला बसणंसुद्धा. उरलं होतं फक्त एक यंत्र. त्यातल्या एफपीजीए चिपमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकांची सर्किटं पुन्हा उभी करता येतात; मात्र त्याला वरून मेमरीचं बोर्ड जोडावं लागतं. तिनं सगळ्यांत मोठं, एकशे अठ्ठावीस एमबीचं बोर्ड मागवून स्वतः बसवलं. सकाळी चालायचं, दुपारी पडद्यावरचं चित्र फाटायचं. चार दिवसांपूर्वी तिनं ते सगळं खोक्यात भरलं आणि म्हणाली, "माझ्या हातून काहीच होत नाही, आई."

हेही सुटलं तर मग काय, या भीतीनं मीच तिला काकांकडे ओढून आणलं.

काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. "तिथं एसी मशीनला होता, माणसाला न्हाई," ते हसत म्हणाले. निवृत्त झाल्यावर बोर्ड तपासायचं हे काम ते स्वतःच शिकले. त्यांच्या पत्नी जगदेवीकाकू ताक घेऊन आल्या. "ह्यांच्या खोलीत बोर्डाआधी माणूस नापास होतो बघा!" सृष्टीची मान खाली गेली. काकूंना काही माहीत नव्हतं. तिचा चेहरा पाहून त्या ओशाळून आत गेल्या.

"दुपारीच का तपासता?" मी विचारलं.

काकांचं हसू मावळलं. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी अर्धापूरच्या वीरेश नावाच्या मुलाला एक बोर्ड पास करून दिलं होतं. एप्रिलमध्ये ते अडखळायला लागलं. मुलाला वाटलं, आपलंच चुकलं. काढ-घाल करता करता त्यानं ते उलटं बसवलं आणि वीज देताच यंत्र जळालं. "चूक माझी होती, बाई. पण पोरगं मला काहीच बोललं न्हाई. स्वतःलाच बोलत बसलं. पुन्हा कशाला हात लावला न्हाई त्यानं."

दीड वाजता त्यांनी सृष्टीचं यंत्र टेबलावर घेतलं. भिंगातून पिना पाहिल्या, चाचणी लावली. पडद्यावर दोन आकडे दिसतात, पास फेऱ्यांचा आणि नापास फेऱ्यांचा. पंधरा मिनिटं नापासखाली शून्य होतं. मग एक. चार. एकोणीस. सृष्टी उठून दाराकडे निघाली.

"थांब माय. बसवणं तुझं बरोबर हाय, एक पिन वाकडी न्हाई. ह्या बोर्डालाच ही गर्मी झेपत न्हाई. तुला कोणता संगणक चालवायचाय?"

तिनं नाव सांगितलं.

"त्याला बत्तीस एमबी लई झाले. एवढं मोठं कशाला घेतलंस?"

"सगळे तेच घ्या म्हणाले."

मी पदरानं कपाळ पुसलं. तो क्लास मीच लावला होता, सगळे लावतात म्हणून.

काकांनी एकाच चिपचं, बत्तीस एमबीचं लहान बोर्ड तिच्यापुढे ठेवलं. स्वतः बसवलं नाही. तिनं आधी विजेची वायर काढली, दिशा दोनदा पाहिली, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. तेवढ्यात स्कार्फ घसरून गळ्यात आला, तो तिनं वर ओढला नाही.

साडेतीन झाले. नापासखाली शून्यच. मी म्हणाले, "चल, चारची गाडी मिळेल."

"पत्रा अजून तापलेलाच आहे, आई," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "पुढच्या गाडीनं जाऊ."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खोलीतला एकुलता एक पंखा बंद केला.